फोटोत घ्यायची नाही ती बाई

हिराकाकीने मला वाचवलं. हे आधी लिहिते, मार कुणी दिला ते नंतर. मारणाऱ्यांची नावं मी लिहिणार नाही. त्यांची नावं गावाच्या कमानीवर आहेत, मंडळाच्या फलकावर आहेत, गाड्यांच्या मागच्या काचांवर आहेत. हिराकाकीचं नाव फक्त तिच्या मुलाच्या लग्नपत्रिकेवर होतं. तेही पुढे 'गं. भा.' लावून. वाचणाऱ्याला तिच्याआधी तिचा नवरा मेल्याचं कळावं म्हणून.

तर झालं असं.

कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात होता. त्या माणसाने तो मागून धरला आणि पिळला. एकदा. मग परत एकदा. ओलं धुणं पिळतात तसा. मी गुडघ्यांवर आले, मग तोंडावर आपटले. तोंडात हळद गेली. समोर पाटावर नवरदेव बसलेला, अंगभर पिवळा. तो माझ्याकडे बघत होता. नुसता बघत होता.

"कुनी दाखवली? कुनी दाखवली तिला?"

ओरडणारा नवरदेवाचा काका. त्याला सगळा गाव दादा म्हणतो. डीजे वाजतच होता, म्हणून त्याला जास्त ओरडावं लागत होतं. त्याने मला केसांना धरून वर उचललं आणि कानाखाली मारली. उजव्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. ती शिट्टी अजून कधीकधी वाजते. आता लिहितानाही वाजतेय.

माझं वय बावीस. पाच वर्षं मी डोंबिवलीच्या एका स्टुडिओत होते. लग्नात बायकांच्या बाजूचे फोटो काढायला बाई लागते. ती बाई मी. हळदीला पुरुष फोटोग्राफर बायकांच्या घोळक्यात शिरला की घरचे चिडतात, म्हणून मालकाने मला शिकवलं. आम्ही त्यांना सर म्हणायचो. शिकलेले, चष्मेवाले, आवाज कधी न चढवणारे. माझ्या गावापासून मी खूप लांब आहे. हिंगोली जिल्हा. आठवीत शाळा सुटली, कारण आईबाप वीटभट्टीवर जायचे आणि धाकट्यांना मी सांभाळायचे. मग एका लांबच्या मावशीबरोबर कल्याणला उतरले ती इकडचीच झाले. स्टुडिओत आधी झाडू मारला, मग अल्बम चिकटवले, मग एक दिवस सरांनी हातात कॅमेरा दिला. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलेले. खोटं कशाला बोलू. मनापासून पडलेले.

सर हातात कॅमेरा देताना म्हणाले होते, "कार्यक्रमात कुणी नाव विचारलं तर नुसतं नाव सांगायचं, बाळा. आडनाव नको. उगाच लोकांचा मूड जातो."

मी मान हलवली. मला वाटलं, हा माझ्यावरचा उपकारच आहे.

त्या संध्याकाळची हळद दिवा स्टेशनच्या पुढच्या एका गावात होती. आता त्याला गाव म्हणायचं ते जुन्या सवयीने. शेतात टॉवर उभे राहिलेत आणि शेतवाल्यांच्या दारात चार-चार गाड्या. मांडव एवढा मोठा, की आमची दिव्यातली चाळ त्यात उभी राहिली असती. मांडवाच्या एका टोकाला सोळा फुटी एलईडी पडदा. हळद लावताना जवळचे पन्नास लोक बघतात, मागच्या आठशेंना काही दिसत नाही, म्हणून कॅमेऱ्यातलं चित्र थेट पडद्यावर जातं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याही कॅमेऱ्याला पडद्यावर चित्र पाठवणारी वायरलेस डबी लावलेली. पडद्यावाला मिक्सरवर बसून ठरवणार, कधी कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र टाकायचं.

कार्यक्रमाआधी सर नेहमी एक यादी सांगायचे. तोंडीच. नगरसेवक आला की तीन फोटो. आत्या नटलेली आहे, तिला रुसू द्यायचं नाही. नवरीकडचे आले तर त्यांची पोरं पुढे घ्यायची. आणि मग शेवटची यादी, हळू आवाजात. कुणाला घ्यायचं नाही. भांडी घासणाऱ्या बायका घ्यायच्या नाहीत. खरकटं उचलणारे घ्यायचे नाहीत. दारू प्यायलेला मामा घ्यायचा नाही.

"आणि नवरदेवाची आई," सर म्हणाले. "विधवा आहे. ती आतच असणार. बाहेर आली तरी फ्रेममध्ये नको. त्यांच्यात चालत नाही."

"आईच?" मी विचारलं.

"बाळा, आपण फोटो काढतो. समाज सुधारत नाही."

मी पाच सुवासिनींचे फोटो काढले. एकेक जण पाटाजवळ येऊन नवरदेवाच्या गालाला, खांद्याला, पायाला हळद लावत होती. मग मी माणसं त्यांच्या नकळत टिपायला लांबची लेन्स लावली आणि घोळक्यावरून फिरवत फिरवत मागच्या घराकडे गेले. स्वयंपाकघराची खिडकी. गज. गजाच्या आत एक बाई.

ती बाहेर बघत होती, पाटाकडे. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर हळद होती. कुठून घेतली असेल, देव जाणे. तिच्या शेजारी खुंटीला एक शर्ट टांगलेला, रोजच्या वापरातला, कॉलर मळकी. तिने बोटं शर्टाच्या कॉलरला लावली. मग दोन्ही खांद्यांना. मग बाहीला, खाली मनगटापर्यंत. पाटावर जसं चाललेलं अगदी तसंच, त्याच क्रमाने. तिकडे सुवासिनी नवरदेवाला लावत होती आणि इकडे आई त्याच्या शर्टाला लावत होती.

मी शटर दाबलं.

यादी मला पाठ होती. तरी दाबलं. हे चुकून झालं असं मी कुणालाही सांगणार नाही. चूक दुसरीच झाली. शटर दाबलं की काढलेला फोटो दोन सेकंद कॅमेऱ्यात थांबून दिसतो. ती सेटिंग बंद करायला मी विसरले, कारण डबी लावून काम करायची सवयच नव्हती. आणि पडद्यावाल्याने नेमकं त्याच क्षणी माझ्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर टाकलेलं. दोन सेकंद. सोळा फूट. आईचा चेहरा, गज, पिवळी बोटं, पोराचा शर्ट.

आठशे माणसं गप्प झाली. गाणं वाजत होतं आणि माणसं गप्प. मग कुठली तरी म्हातारी बोलली, "अगं बाय, हलदीत रांड दाखवली."

तिथून पुढे दादा आणि पट्टा.

मी खाली पडले तेव्हा कॅमेरा पोटाखाली घेतला. मला मारतील त्यापेक्षा कॅमेरा फोडतील याची भीती जास्त होती. का ते सांगते. नऊ दिवसांनी विद्यापीठात फोटोग्राफीच्या पदवीचा इंटरव्ह्यू होता. सतरा नंबरचा फॉर्म भरून मी घरूनच दहावी केलेली, मग बारावी. दिवसा लग्नं, पहाटे पुस्तकं. हॉलतिकीट घ्यायला गेले तर शिपाई म्हणाला, धाकट्या बहिणीला पाठव, परीक्षा तिची आहे ना? आता इथपर्यंत आलेले. अट एकच होती. स्वतः काढलेले वीस फोटो. आणि माझ्याकडे स्वतःचा एकही फोटो नव्हता. पाच वर्षांत लाखभर क्लिक केले असतील. प्रत्येक कार्यक्रमानंतर कार्ड सरांच्या कॉम्प्युटरवर रिकामं व्हायचं, कोपऱ्यात स्टुडिओचं नाव बसायचं, आणि कार्ड पुसून माझ्या हातात यायचं. कोरं.

खिडकीतला फोटो काढला तेव्हाच कळलेलं. हा माझा.

दादाच्या पुतण्याने, नवरदेवाच्या चुलतभावाने, हळदीचं ताट उचललं आणि माझ्या तोंडावर उलटं केलं. डोळ्यांत आग. तो हसत होता. "घे, घाटी, तुझी पण हलद झाली. आता नवरा शोध."

काही पोरं हसली. मी कॅमेरा सोडत नव्हते. त्याने माझ्या उजव्या हातावर बूट ठेवला. पहिल्या बोटावर. ज्या बोटाने शटर दाबतात त्या. आणि टाच फिरवली, सिगारेट विझवतात तशी. आवाज मला ऐकू आला. डीजे वाजत असतानाही.

बोट सुटलं. त्याने कॅमेरा ओढून घेतला.

तेव्हा सर आले. मला वाटलं, आता संपलं. सर आले. सर बोलतील.

सर बोलले. दादांना नमस्कार करून बोलले. "दादा, चुकलं पोरीचं. नवीन आहे. आडगावातून आलेली, रीतभात माहीत नाही तिला."

"कुठली हाय ही? आडनाव काय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी माझं आडनाव सांगितलं. स्पष्ट, पुरं, जे मला पाच वर्षं गिळायला लावलं होतं ते.

दादा एकच शब्द बोलला.

"तरीच."

शिवी नाही, काही नाही. तरीच. मला बापाने मारलंय, ठेकेदाराने मारलंय, त्या दिवशी बुटाने मारलं. पण या शब्दाइतकं खोल काही लागलं नाही. माझ्या आजीने आयुष्यभर ऐकलेला शब्द, आईने ऐकलेला. मी त्याच्यापासून पळून इतक्या लांब आलेले, आणि तो इथे मांडवात माझी वाट बघत बसलेला.

"नाक घास," दादा म्हणाला. "पाटासमोर. पोराच्या पायाशी. अपशकुन तू केलास, तू काढ."

सर माझ्या कानाशी वाकले. मऊ आवाज. "घास बाळा, दोन सेकंदांचं काम आहे. यांच्याकडची अजून तीन लग्नं आहेत आपल्याकडे. कॉलेजला जायचंय ना तुला?"

मी डोळे उघडायचा प्रयत्न केला. पिवळं दिसत होतं सगळं. नवरदेवाचे पाय दिसत होते. पायांना हळद, अंगठ्याला दोरा. मला वाटलं, घासते. काय जातं? इतकी वर्षं मान हलवली, आज नाक. मी खरंच वाकले. एवढं खरं लिहायला पाहिजे. मी वाकले, जमिनीपासून वीतभर राहिले आणि तिथे थांबले. का थांबले ते मला नीट सांगता येत नाही. सारवलेल्या जमिनीच्या शेणाचा वास आला. त्या वासाने आई आठवली नाही, गाव आठवलं नाही. फक्त असं वाटलं, की आता घासलं तर उद्या परत घासायला लागेल, आणि परवा, आणि मग मला जमिनीचाच फोटो काढता येईल, दुसऱ्या कशाचा नाही.

"नाही घासणार," मी म्हटलं.

"काय?"

"नाही घासणार. तिची हळद तिच्या पोराला लागली. अपशकुन कसला?"

मग सगळेच आले. कोण कुठून मारत होतं कळत नव्हतं. पाठीत लाथ, बरगडीत लाथ. कुणीतरी ओढणी खेचली. एक बाई चपलेने मारत होती आणि प्रत्येक फटक्याला "गप बस, गप बस" म्हणत होती. मी तर बोलतही नव्हते.

आणि मग एकदम लाथा थांबल्या. मला वाटलं मी बेशुद्ध झाले. पण गाणंही बंद पडलं होतं.

हिराकाकी मांडवात आलेली.

ती रांगोळी ओलांडून आली. पाटाभोवतीच्या रांगोळीच्या आत, जिथे तिने यायचं नव्हतं. बोटांवर हळद तशीच. ठेंगणी, काळी, पदर कमरेला खोचलेला. माझ्या अंगावर ती वाकली नाही. माझ्यापुढे उभी राहिली. मला तिच्या टाचा दिसत होत्या, भेगाळलेल्या.

"हात लावशील तर बघ," ती दादाला म्हणाली. दिराला. पंचवीस वर्षांत ती त्याच्याशी पदराआडूनच बोललेली, असं नंतर कळलं.

"वैनी, आत जा. तुला कलतं काय, तू कुठं उभी हाय?"

"कलतं. माझ्या पोराच्या हलदीत उभी हाय. नऊ महिनं मी वागवला त्याला, तवा नव्हता अपशकुन? तुमच्या भावानी पिऊन जीव दिला, त्याचा दोष मी का सोसू?"

दादाने हात उचलला. माझ्यावर नाही, तिच्यावर. तिने तो हात हवेतच मनगटाला धरला. त्याने झटका दिला. ती पडली नाही, पण तिचं मनगट त्याच्या हातात वाकडं झालं. मला तो आवाजही आला. त्या दिवशी मला आवाज फार आले.

नवरदेव पाटावरून उठला नाही. पाटावर बसलेल्या नवऱ्याने उठायचं नसतं म्हणतात. रीत आहे.

काकीने दुसऱ्या हाताने चुलतभावाच्या हातातून कॅमेरा घेतला, मला बगलेत धरून उठवलं, आणि आम्ही दोघी आठशे माणसांमधून घरात गेलो. कुणी अडवलं नाही. मारताना सगळ्यांना हात होते.

स्वयंपाकघरात तिने आतून कडी घातली. माझं तोंड मोरीवर धरलं आणि तांब्यावर तांब्या ओतला.

"डोले चोलू नको. चोलशील तर आंधली होशील. उघर. नुसती उघर."

मी उघडले. तिचं एक मनगट सुजायला लागलेलं, तरी ती दुसऱ्या हाताने ओतत होती.

"काय बगितला माझ्यात?" तिने विचारलं. "सगली नटलेली सोडून माझा फोटू कया काढला?"

 मी कॅमेऱ्याचं बटण दाबून तिला फोटो दाखवला. तिने खूप वेळ पाहिला. मग म्हणाली, "शर्ट धुवाया पायजे होता." आणि हसली. आणि हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

बाहेर दारावर थाप पडली. सरांचा आवाज. "वहिनी, कार्ड हवंय. दादांना ते मोडून दाखवायचंय. म्हणजे विषय संपेल."

कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात. एक बिघडलं तर दुसऱ्यात फोटो राहावा म्हणून. मी काकीला हे हळू आवाजात सांगितलं, आणि कॉलेजला फोटो लागतात तेही. तिने दोन्ही काढायला लावली. एक माझ्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधलं, मुलीच्या पदराला सुपारी बांधतात तसं. दुसरं घेऊन दार फटीएवढं उघडलं.

"घ्या. मोडा."

"दुसरं, वहिनी? दोन असतात."

"चुलीत टाकला," काकी म्हणाली. चूल नव्हती तिथे, गॅस होता. पण सरांना आत यायची हिंमत झाली नाही.

तिने दार लावलं. "माझा तोंड हाय त्या फोटूत," ती म्हणाली. "तर मी ठरवीन तो कुनाला द्याचा. तुला दिला. जा, वापर. कुठं शिकाया जातंस ना, तिथं दाखव. आता पल."

मी तिच्या कॅलेंडरवर डाव्या हाताने माझा नंबर लिहिला आणि मागच्या दाराने पळाले.

दोन दिवसांनी सरांनी स्टुडिओत बोलावलं. माझ्या बोटाला प्लास्टर, कानात कापूस. सरांनी चहा मागवला. माझ्यासाठी कपात. एरवी माझा कागदी ग्लास असायचा.

"बाळा, जे झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण आपण प्रॅक्टिकल होऊ. तुला वीस फोटो हवेत ना? माझ्याकडे तुझे पाच वर्षांचे आहेत. सगळे ओरिजिनल. त्यातले हवे ते घे, माझं नाव काढून देतो. पत्रही देतो, की हे तुझेच आहेत. तुझं आयुष्य बनेल."

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. खरंच होते. माझे फोटो. कल्याणच्या हॉलमधली ती पळणारी करवली. टेंभी नाक्यावरच्या नवरात्रीतली देवीपुढे झोपलेली पोर. मी विसरूनही गेलेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते इतके हवे होते की हात शिवशिवले.

"फक्त दोन गोष्टी," सर म्हणाले. "तो एक फोटो डिलीट करायचा. चूल-बिल मला सांगू नको. आणि उद्या माझ्याबरोबर येऊन दादांची माफी मागायची. पोलिसांत वगैरे जायचं नाही. बोट कसं मोडलं कुणी विचारलं तर पडले म्हण."

"सर, तुम्ही त्यांना माझं आडनाव का सांगितलंत?"

ते गोंधळले. खरंच गोंधळले. त्यांना वाटलं होतं, मी पगाराचं विचारीन. "त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

"मग पाच वर्षं का लपवलंत?"

 सर चष्मा काढून पुसायला लागले. तेव्हा मला कळलं. दादाने मला लाथ मारली, कारण त्याला मी कोण ते आत्ता कळलं. सरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दादाचा बूट बोटावर होता. सरांचा बूट पाच वर्षं माझ्या मानेवर होता आणि मी त्याला हात समजत होते. डोक्यावरचा.

मी कप उचलला. प्यायला नाही. भिंतीवर मारला. स्टुडिओच्या नावाच्या पाटीवर, बरोबर मधोमध. डाव्या हाताने मारला, तरी बसला.

"ठेवा तुमचे," मी म्हटलं. "मी नवीन काढीन."

खाली रस्त्यावर आले आणि वडापावच्या गाडीला धरून उभी राहिले. काय करून बसले मी? वीस फोटो होते. हातात होते. आता एक होता. आणि सात दिवस. आणि कॅमेरा स्टुडिओचा, तो सरांकडे परत गेलेला. माझ्याकडे फोन. काच तडकलेला.

तिथून पोलिसांत गेले. तिथल्या साहेबांनी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून बोळवण केली. आडनाव आणि 'तरीच' लिहून घ्या म्हटलं तर म्हणाले, "तरीच ही काय शिवी आहे का?" तो कागद जपून ठेवलाय.

सात दिवस मी डाव्या अंगठ्याने फोटो काढले. सरांची ती शेवटची यादी मला पाठ होती, कुणाला घ्यायचं नाही ती. तीच घेऊन निघाले. विठ्ठलवाडीला एका हॉलच्या मागे भांडी घासणाऱ्या बायका बसतात, त्यांना विचारलं. एक म्हणाली, "आमचा कशाला काढतेस गं, आम्ही काय नवऱ्या आहोत?" दुसरी म्हणाली, "काढू दे. माझ्या पोरीला पाठव मग." खरकट्याच्या टबात कोपरापर्यंत हात घातलेला एक म्हातारा. दिव्यात टँकर येतो तेव्हा पाइपाच्या तोंडाला भिडलेल्या माझ्याच चाळीतल्या बाया, एकमेकींच्या झिंज्या धरलेल्या. आणि आरशात मी. कानात कापूस, मानेवर पट्ट्याचा वळ, काळानिळा. वीस झाले नाहीत. बारा झाले.

इंटरव्ह्यूला तीन जण होते.  सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. मधल्या प्राध्यापकांनी फोटो मोजले.

"वीस मागितले होते."

"बारा आहेत."

"शिक्षण मध्येच सुटलेलं. सतरा नंबरवरून परीक्षा. इथे बरंचसं इंग्रजीत असतं. जमेल?"

"जमवीन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मला मराठीत समजवा. फोटो मी कुठल्याच भाषेत काढत नाही."

ते हसले नाहीत. बाजूच्या मॅडमनी खिडकीचा फोटो उचलला.  "या बाईंची परवानगी आहे?"

"त्यांनीच कार्ड माझ्या ओढणीला बांधलं," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. न रडता. आडनावासकट. ते कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

प्रवेशाच्या यादीत माझं नाव आलं. सोमवारपासून वर्ग आहे. वही घेतलीय. बोटाचं प्लास्टर निघालंय. बोट पूर्ण वाकत नाही, शटरवर थोडं उशिरा पोचतं. मला भीती वाटते. तिथली पोरं स्वतःचे कॅमेरे घेऊन येतील. मी काय बोलणार, कुठे बसणार, डबा कुणासमोर उघडणार, याची रोज मनात तालीम करते. भीती वाटते म्हणून जाणार नाही असं मात्र नाही.

काकीचा फोन आलेला, शेजारणीच्या फोनवरून. मी निवड झाल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "बरा झाला." मग म्हणाली, "मना लग्नाला नेला नाय. आत कोंडून कुलूप लावून गेलं. पोरगा पन नाय बोलला काय." मनगट नीट जुळलेलं नाही. पोळ्या लाटता येत नाहीत, म्हणून नवी सून बोलते. मी रडायला लागले तर ओरडली, "रडू नको. मी तुझ्यासाठी नाय आलेली. माझ्यासाठी आलेली. तू रडाचा नाय."

माझ्यासाठी नाही आली म्हणते, म्हणून माझं देणं फिटत नाही.

काकी, ऐक. तुला हे कुणीतरी वाचून दाखवेल. मी आभार मानणार नाही. आभार मानून मी पाच वर्षं फुकट घालवली, आता तो शब्द मला चालत नाही. त्या एनसीचा एफआयआर होईपर्यंत मी त्या पायऱ्या झिजवीन. दादाने बोललेला तो एक शब्द कागदावर चढेपर्यंत तिथून हलणार नाही. आणि शिकेन. मान खाली घालून नाही. पदवी हातात पडली, स्वतःचं काम सुरू झालं, की भाड्याची का होईना, माझ्या नावाची एक खोली घेईन. दोन माणसांची. मग तुझ्या दारात येईन. उजेडात येईन, दादा ओट्यावर बसलेला असेल तेव्हा येईन. तुला यायचं असेल तर तुझा हात धरून नेईन. जो मधे येईल त्याची मी परवानगी मागणार नाही, त्याला बाजूला ढकलेन. वेळ लागेल. तीन वर्षं, चार वर्षं. तोवर जग, काकी. मी येतेय.